आईला घरी ऑक्सिजन आणि बायपॅप चालू केलंय, येणारा प्रत्येक जण म्हणतो ९० खूप कमी आहे, काय करू? (नाशिक)

पाथर्डी_फाटेकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय सांभाळून घ्या, तीन रात्री धड झोप नाहीये.

आई ६९ वर्षांची. आम्ही मूळचे सिन्नरचे, आईने लग्नानंतर जवळपास तीस वर्षं घरी विड्या वळल्या आणि स्वयंपाक सगळा चुलीवर. स्वतः जन्मात एक विडी ओढली नाही पण तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर दोन्ही छातीत गेलं. ७-८ वर्षांपूर्वी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) निघालं, पंप (इनहेलर) चालू होते, बरं चाललं होतं. ह्या दिवाळीनंतर सर्दी-खोकला झाला आणि दोन दिवसांत ती बसल्या बसल्या झोपायला लागली, चहाचा कप हातात आणि डोळे मिटलेले. आम्हाला वाटलं दिवाळीचं काम अंगावर आलंय, झोपू दे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारली, मामा जाऊन ११ वर्षं झाली, तेव्हा माझी टरकली आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मनगटातून रक्त काढलं, सीओटू म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साईड ८४ आला. नऊ दिवस आयसीयू, पण मास्कवरच निभावलं, नळी घालायची वेळ आली नाही. घरी सोडताना सीओटू ५६.

आता घरी ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) आहे, मिनिटाला १ लिटरवर ठेवायला सांगितलाय, दिवसाचे किमान १५-१६ तास, आणि रात्री झोपताना बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन). डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय एसपीओटू (ऑक्सिमीटरवर दिसणारी ऑक्सिजनची टक्केवारी) ८८ ते ९२ ठेवा.

आता अडचणी सांगतो. ऑक्सिमीटरवर ८९-९० दिसतं आणि भेटायला येणारा प्रत्येक जण तो बघून "अरे बापरे" म्हणतो. परवा मी अंबडला ड्युटीवर असताना मावशीने गुपचूप नॉब ३ वर नेऊन ठेवला, ९७ आलं, सगळे खूश, घरच्या ग्रुपवर फोटो पण टाकला. मी संध्याकाळी आलो तर आई पेंगत होती, आज सकाळी डोकं दुखतंय म्हणाली. मी परत १ केलाय. पण मनात येतंय की माझंच चुकत नाहीये ना, ९७ चांगलं की ९० चांगलं?

दुसरं, बायपॅपचा मास्क अर्ध्या तासात काढून टाकते, "जीव कोंडतो रे" म्हणते. तिसरं, आमच्याकडे लाईट जाते अधूनमधून, इन्व्हर्टर आहे पण त्यावर हे चालेल का. आणि शेजारच्यांकडे कोविडमध्ये घेतलेला १० लिटरचा कॉन्सन्ट्रेटर पडून आहे, घेऊन जा म्हणतायत, घेऊ का?

निफाडचा_गारठा

दादा माझ्या मते मावशीचं बरोबर आहे, ९५ च्या खाली धोका असतो हे कोविडमध्ये लहान पोराला पण पाठ झालं होतं. आम्ही तर ९४ ला बेड शोधायला पळायचो. ऑक्सिजन म्हणजे काही औषध नाही की जास्त झाला तर बाधेल. सोबत भीमसेनी कापूर, ओवा, लवंग ह्याची पुरचुंडी करून हुंगायला द्या, आमच्या आजोबांना लई फरक पडला.

सिस्टर_पंचवटी

थांबा थांबा. फाटेकर दादा, वरचं ऐकू नका, आणि निफाडकर दादा तुम्ही पण राग मानू नका पण हे ह्या पेशंटला लागू नाही, उलट घातक आहे.

मी डॉक्टर नाही, १४ वर्षं आयसीयूत सिस्टर म्हणून काम केलंय. आधी सगळ्यात महत्त्वाचं, आत्ता जाऊन आईशी बोला. नीट जागी आहे का, वार सांगते का, तुम्हाला बरोबर हाक मारते का. अजून पेंगत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल तर हा धागा बंद करा आणि १०८ ला फोन लावा. ठीक असेल तरी आज तुमच्या छातीच्या डॉक्टरांना फोन करून नॉब ३ वर होता हे सांगाच, लपवू नका.

आता ९० का ९७. कोविडमध्ये माणूस धडधाकट होता, फुप्फुसाला अचानक मार बसला होता, ऑक्सिजन आत जात नव्हता. तुमच्या आईचं दुखणं वेगळं आहे. तिची फुप्फुसं वर्षानुवर्षं खराब होत गेलीत, तिला ऑक्सिजन आत घ्यायलाही त्रास आणि सीओटू बाहेर टाकायलाही त्रास, आणि ही दोन वेगळी कामं आहेत हे लोकांच्या लक्षातच येत नाही. कॉन्सन्ट्रेटर फक्त पहिलं काम करतो. सीओटू बाहेर काढायला तो काडीची मदत करत नाही. उलट अशा पेशंटला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की सीओटू वाढतो, कारण फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट खेळत नाही तिथलं रक्त शरीराने शहाणपणाने कमी करून ठेवलेलं असतं, जास्तीचा ऑक्सिजन आला की ते रक्त परत त्या नापीक भागात वळतं, आणि वरून श्वास घेण्याचा जोर पण थोडा मंदावतो. सीओटू चढला की गुंगी, सकाळचं डोकेदुखणं, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं. तुमच्या आईची दिवाळीनंतरची झोप थकव्याची नव्हती, सीओटूची होती.

आणि गंमत बघा, ऑक्सिमीटर सीओटू दाखवतच नाही. ९७ दिसतंय, सगळे खूश, आणि आत सीओटू चढतोय. तो फक्त एबीजीत म्हणजे मनगटाच्या धमनीतून घेतलेल्या रक्तात कळतो, नॉर्मल ३५ ते ४५. म्हणून ८८ ते ९२ हा कागदावरचा आकडा डॉक्टरांनी विचार करून लिहिलाय, ९० म्हणजे तुमची आई बरोबर मधोमध आहे.

नॉबवर चिकटपट्टी लावा. फ्लोमीटरमधल्या गोळीचा मध्य १ च्या रेघेवर हवा, डोळ्याच्या उंचीला बसून बघा, उभ्याने वरून बघितलं की चुकतं. तासही पाळा. ह्या १५ तासांना आधार आहे, १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणारे पेशंट न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले होते. लोक दम लागला की तासभर लावतात आणि बरं वाटलं की काढतात, त्याने हा फायदा मिळत नाही.

कापराची पुरचुंडी नको. अशा छातीला उग्र वासाने उलट खोकल्याची उबळ येते. देवघरातली उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल सगळं बंद. आणि निरांजन, गॅस, काडेपेटी ऑक्सिजनच्या नळीच्या आसपास अजिबात नको, नळी नाकात असताना आईला ओट्याशी उभं करू नका, ऑक्सिजनमध्ये ठिणगी भडकते. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन, विक्स लावतात तेही नको, पाण्याचा बेस असलेलं जेल डॉक्टरांना विचारून घ्या.

अजून एक, झोप येत नाही म्हणून कोणी झोपेची गोळी किंवा गुंगीचं खोकल्याचं औषध दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. श्वास मंदावतो.

प्रेसवाल्यांची_लेक

दादा, मास्कचं मी सांगते. माझे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, चार वर्षं बायपॅपवर काढली त्यांनी, आणि पहिला महिना आमच्या घरात रोज रात्री भांडण व्हायचं. एकदा तर मी सकाळी उठून बघते तर मास्कच्या पुढच्या बारीक भोकांवर बाबांनी पांढरी चिकटपट्टी लावलेली! म्हणे फुस्स फुस्स आवाज येतो आणि हवा गळते, म्हणून बंद केलं. अहो त्या भोकांतूनच तर सोडलेला श्वास बाहेर जातो, ती बंद केली म्हणजे स्वतःचाच सीओटू परत आत. नशीब झोपायच्या आधी नाही, पहाटे चार वाजता लावली होती. ती भोकं कधीही बंद करू नका आणि घरात सगळ्यांना दाखवून ठेवा ती कशासाठी असतात.

आता सवय कशी लावायची. रात्री डायरेक्ट घालू नका. दुपारी आई बसलेली असताना, टीव्ही चालू असताना, आधी मशीन न लावता नुसता मास्क स्वतःच्या हाताने तोंडावर धरू दे, पट्टे नकोत. काढावासा वाटला की काढता येतो हे कळलं की अर्धी भीती जाते. मग मशीन चालू करून दहा मिनिटं, मग एक पूर्ण सिरियल. आमच्याकडे बाबा बातम्या बघत घालायचे आणि मास्कमधूनच पुढाऱ्यांना शिव्या द्यायचे, काही कळायचं नाही पण मास्क राहायचा.

पट्टे आवळू नका, दोन बोटं आत गेली पाहिजेत. लोकांना वाटतं गळतंय म्हणजे अजून आवळा, त्याने नाकाच्या हाडावर जखम होते आणि मग मास्क महिनाभर बाजूला. साईज चुकीचा असेल तर दुकानदाराला बदलून मागा, आम्हाला मोठा दिला होता, मिडीयम घेतल्यावर आवाजच बंद झाला. कवळी असेल तर आई ती काढते का बघा, कवळी काढल्यावर गाल आत जातात आणि मास्क वेगळा बसतो, त्यामुळे माप घेताना ती रात्री जशी झोपते तशीच असू दे. जेवल्यावर लगेच नको, पोटात हवा जाऊन फुगतं, तास-दीड तास जाऊ द्या. तोंड कोरडं पडत असेल तर मशीनचा ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी) लावा.

"जीव कोंडतो" हे पण खरं असतं बरं का, दरवेळी हट्ट नसतो. मशीनचं प्रेशर आत घेताना जास्त आणि सोडताना कमी असं दोन पातळीचं असतं, ते आणि श्वासाची वेळ आईशी जुळत नसेल तर कोंडल्यासारखंच वाटणार. सेटिंगला घरी हात लावू नका पण मशीनमध्ये कार्ड असतं, किती तास वापरलं किती लीक होतं सगळं त्यात येतं, ते घेऊन डॉक्टरांकडे जा. आमच्या डॉक्टरांनी कार्ड बघून थोडं बदललं आणि त्या रात्री बाबा साडेपाच तास झोपले, मी दोनदा उठून बघितलं मास्क आहे ना आणि बाबा आहेत ना.

आणि हो, रात्री बायपॅपच्या नळीला ऑक्सिजन जोडायचा कनेक्टर दिलाय का बघा, काही जणांना बायपॅपमधूनच ऑक्सिजन द्यायचा असतो, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, आठ दिवस नुसत्या हवेवर चाललं होतं.

इन्व्हर्टरवाले_काका_सिडको

लाईटचं माझ्याकडून घ्या. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ४०० वॅट खातो (मागे स्टिकर असतो, तो वाचा). तुमचा इन्व्हर्टर एका १५० एएचच्या बॅटरीवर असणार, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण प्रत्यक्षात हातात १२००-१३०० येतात, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. म्हणजे एकटा कॉन्सन्ट्रेटर तीन-साडेतीन तास, तेही पंखा, टीव्ही, राऊटर बंद ठेवून. बायपॅप त्या मानाने काहीच खात नाही, हीटर बंद ठेवला तर बहुतेक ५० वॅटच्या आतबाहेर, रात्र निघते. इन्व्हर्टर साईन वेव्हचाच पाहिजे, स्क्वेअर वेव्हवर ही मशीन गुरगुरतात आणि मोटर तापते. कॉन्सन्ट्रेटरला स्वतंत्र प्लग द्या, एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज, मिक्सर आणि हे असं नको, आणि अर्थिंग तपासा.

त्यापेक्षा लांब लाईट गेली तर इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका, घरात एक बी टाईप सिलेंडर रेग्युलेटरसकट भरून ठेवा. त्यात साधारण १५०० लिटर असतो, तुमच्या १ लिटरला भागा, २५ तास. आत्ताच एकदा जोडून बघा, लाईट गेल्यावर अंधारात पाना शोधत बसू नका. रेग्युलेटरला तेल-ग्रीस लावायचं नाही, तेलकट हाताने पण धरायचा नाही.

बिल वाढणार हे धरून चाला, २४ तास चालला तर दिवसाला ८ युनिटच्या आसपास, महिन्याला २४० एक, म्हणजे तुमचा स्लॅब पण वर सरकणार.

शेजारच्यांच्या १० लिटरवाल्याबद्दल, मी नको म्हणेन निदान तपासल्याशिवाय. २०२१ मध्ये लोकांनी घाबरून घेतले आणि तसेच कपाटावर ठेवले. आत झिओलाईटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात, दमट हवेत पडून पडून ते दाणे मरतात. मशीन चालू होईल, बुडबुडे पण येतील, पण आत नुसती हवा. मशीनवर तासांचा मीटर असतो तो बघा, आणि सर्व्हिसवाल्याला ॲनालायझर लावून शुद्धता मोजायला सांगा, ९० टक्क्यांच्या खाली असेल तर शोभेची वस्तू. तसंही १ लिटरवाल्या पेशंटला १० लिटरचं मशीन कशाला, वीज दुप्पट आणि आवाजही जास्त.

तुमच्या मशीनचा मागचा स्पंज फिल्टर आठवड्याला साध्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवून लावा. भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याला चिकटून नको.

निफाडचा_गारठा

सिस्टर ताई, चुकलं माझं, हे सीओटूचं खरंच माहीत नव्हतं. पोस्ट तशीच ठेवतो, खालचं वाचून बाकीच्यांना पण कळेल. एक सांगतो ते तरी चालेल का बघा, थंडीत सकाळी आमच्या म्हाताऱ्याचं ऑक्सिमीटर ८१ दाखवायचं आणि आम्ही हबकायचो, बोटं बर्फ असायची. हात चोळून गरम करून लावलं की ९३.

सिस्टर_पंचवटी

अहो हे एकदम बरोबर आहे निफाडकर. बोट गरम हवं, नेलपेंट नको, मेंदी काढलेलं बोट नको, आणि लावल्यावर मिनिटभर थांबून आकडा स्थिर झाला की मगच वाचायचं. दिवसातून ठरलेल्या दोन-तीन वेळा बघा, दर पाच मिनिटाला नको, त्याने आईपेक्षा तुम्हीच आजारी पडाल.

ह्युमिडिफायर बाटलीत पाणी डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं, रोज बदला, बॅटरीत टाकायचं पाणी काही जण आणतात ते नको. मेडिकलमधून आणा.

पाथर्डी_फाटेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा दिवसांनी लिहितोय.

त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला होता, आई जागी होती, वार बरोबर सांगितला (आणि वर "मला काय वेड लागलंय का" हे पण ऐकवलं). दुसऱ्या दिवशी एबीजी केली, सीओटू ६१. डॉक्टर म्हणाले नॉब आणि मास्क न घालणं दोन्हीचा परिणाम, प्रेशर थोडं बदललं. आता नॉबवर चिकटपट्टी आहे आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय "८८ ते ९२, हात लावू नये". मावशी दोन दिवस बोलत नव्हती.

मास्क दुपारी सिरियलला घालते, रात्री काल चार तास राहिला.

फिजिओ ताई आल्या होत्या, ओठ चंबू करून हळू फुंकर घालत श्वास सोडायला शिकवला, नाकाने दोन मोजून आत आणि फुंकरीने चार मोजून बाहेर. आई हसायला लागली, म्हणे ही तर चुलीवरची फुंकणी, जन्मभर हेच केलं. आम्ही तिला शिकवायला गेलो तर तीच आम्हाला दाखवतेय. आता संडासला जाऊन आल्यावर दम लागला की पलंगावर पुढे वाकून कोपर गुडघ्यावर टेकून फुंकणी चालू. आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, नाकात नळी तशीच, आणि टॉवेलने पुसत बसण्यापेक्षा जुना सुती गाऊन अंगात घालून देतो तोच पाणी टिपतो. हे बायकोचं डोकं.

एक शेवटचं विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात सिन्नरला भाचीचं लग्न आहे. डॉक्टर म्हणाले तब्येत अशीच राहिली तर दिवसाचं जाऊन या, रात्री मुक्काम नको. तासाभराचा रस्ता आहे. कसं न्यावं?

इन्व्हर्टरवाले_काका_सिडको

जा की. जाऊन-येऊन सात तास धरा, १ लिटरने ४२० लिटर, बी टाईपमध्ये त्याच्या अडीचपट शिल्लक राहतो. सिलेंडर सीटमागे उभा करून पट्ट्याने घट्ट बांधा, डिकीत गडगडत नको, काचा थोड्या उघड्या ठेवा आणि गाडीत कोणी विडी-सिगारेट ओढायची नाही. सिन्नरला जाताय म्हणून आधीच सांगतो.

सिस्टर_पंचवटी

चालताना १ लिटर पुरतो का हे डॉक्टरांना आधी विचारा, काही जणांना चालताना वेगळा फ्लो लिहून देतात. पर्समध्ये एक कागद ठेवा, सीओटू वाढणारी पेशंट आहे, ऑक्सिजन ८८ ते ९२ वरच ठेवावा, घरी बायपॅप. वाटेत कुठे न्यावं लागलं तर तिथले लोक घाईत मोठा मास्क लावून मोकळे होतात. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) बरोबर घ्या, आणि पंप मारल्यावर चूळ भरायची. खोकल्याचा बेडका हिरवा-पिवळा झाला, पायावर सूज आली, एक वाक्य बोलताना दोनदा थांबायला लागलं किंवा परत पेंग यायला लागली तर लग्न राहू द्या. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस झाली नसेल तर आता विचारा, लग्नाच्या आदल्या दिवशी नको.

प्रेसवाल्यांची_लेक

मंडपात आचाऱ्यांपासून आणि होमापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला खुर्ची, आणि वरात निघायच्या आत घरी, फटाक्याचा धूर सगळ्यात वाईट. मेंदी काढायची हौस असेल तर एक बोट सोडायला सांगा ऑक्सिमीटरसाठी, आमच्याकडे करंगळी सोडली होती आणि ती नेमकी बारीक निघाली, मशीन लागेचना, तर मधलं बोट सोडा.

आणि मावशीला दुसऱ्या गाडीत बसवा.